मेमरी संपते तेव्हा कर्नल काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हरवरचा डेटाबेस रात्रीतून नाहीसा होतो. त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये एका ओळीचाही निरोप नसतो, क्रॅश डंप नसतो, आणि सकाळी मशीन अगदी ठणठणीत दिसते. अशा वेळी उत्तर बहुतेकदा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये सापडते. खालची बरीचशी उत्तरे लिनक्सला धरून आहेत, कारण तिथले वागणे सोर्स कोडमध्ये वाचून पडताळता येते. इतर सिस्टिम जिथे वेगळ्या वाटेने जातात तिथे तसे सांगितले आहे.

मेमरी संपते म्हणजे नेमके काय संपते?

प्रोग्रामला दिसते ती व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे नुसते पत्ते. त्या पत्त्यांमागे खरी रॅम असतेच असे नाही. प्रोग्रामने 1 जीबी मागितली की कर्नल पत्त्यांचा एक पट्टा त्याच्या नावे लिहून ठेवतो आणि तेवढ्यावर थांबतो. त्या पट्ट्यातल्या एखाद्या पेजवर (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) प्रोग्राम पहिल्यांदा लिहायला जातो तेव्हा पेज फॉल्ट होतो, आणि त्या क्षणी कर्नल रॅममधले एक पेज शोधून तिथे जोडतो. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर हे पेज 4 केबीचे असते.

पुढचे सगळे समजायला एक गोष्ट पक्की धरावी लागते: टंचाई उघडी पडते ती मेमरी मागताना नाही, वापरताना. मागताना नकार द्यायला जागा असते, मेमरी मागण्याचे मॅलॉक हे फंक्शन नल, म्हणजे "काही मिळाले नाही", असे परत करू शकते. वापरताना मात्र प्रोग्राम एक साधी लिहिण्याची सूचना चालवत असतो. "पेज मिळाले नाही" असे त्याला कळवायचा कुठलाही शहाणा मार्ग तिथे उरलेला नसतो. कर्नलने तिथे पेज तरी द्यायचे, नाहीतर कुणाला तरी संपवायचे.

मी प्रत्येक मॅलॉकचा निकाल तपासतो. तरी माझा प्रोग्राम मारला गेला. का?

कारण मॅलॉक यशस्वी झाला होता. लिनक्स जवळ आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करतो; यालाच ओव्हरकमिट म्हणतात. हा निष्काळजीपणा वाटतो, पण त्यामागे ठोस कारण आहे. एखादी प्रोसेस (चालू प्रोग्राम) फोर्क करते, म्हणजे स्वतःसारखीच मूल-प्रोसेस काढते, तेव्हा मुलाला आईच्या सगळ्या मेमरीची प्रत मिळते, निदान कागदोपत्री. प्रत्यक्षात दोघे तीच पेजेस वाटून घेतात आणि कुणी लिहिले तरच त्या पेजची वेगळी प्रत निघते. आता 32 जीबीच्या मशीनवर 20 जीबी वापरणारी प्रोसेस एक छोटीशी कमांड चालवण्यासाठी फोर्क करते असे धरा. काटेकोर हिशेब ठेवायचा तर आणखी 20 जीबी राखून ठेवावे लागतील. ते नाहीत म्हणून फोर्क नाकारायचा, आणि तेही मूल पुढच्याच क्षणी दुसरा प्रोग्राम चढवणार असताना? म्हणून कर्नल "हो" म्हणतो.

किती सढळपणे "हो" म्हणायचे ते ओव्हरकमिट मेमरी या सेटिंगने ठरते. 0 ही मूळ स्थिती: उघडउघड अशक्य मागणी नाकारायची, बाकी मान्य करायच्या. 1 म्हणजे सगळ्याला होकार. 2 म्हणजे काटेकोर हिशेब. एकूण कबुलीची मर्यादा स्वॅप (रॅममधली पेजेस हलवायची, सहसा डिस्कवरची, जागा) अधिक रॅमचा ठरावीक टक्का एवढी असते, आणि हा टक्का मुळात 50 असतो. 16 जीबी रॅम आणि 4 जीबी स्वॅप असेल तर मर्यादा 12 जीबीची. ही मर्यादा आणि आतापर्यंतची एकूण कबुली दोन्ही आकडे कर्नलच्या मेमइन्फो या आकडेवारीच्या फाइलमध्ये दिसतात.

कोणती सेटिंग बरोबर? याचे एकच उत्तर नाही. रेडिस हा रॅममध्ये चालणारा डेटाबेस आपला डेटा डिस्कवर उतरवताना फोर्क करतो, म्हणून त्याची शिफारस 1 ची आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मार्गदर्शिकेत 2 चा सल्ला आहे, कारण तो मॅलॉकचा नकार नीट हाताळतो आणि फक्त ती एक क्वेरी मोडते. हे दोघे एकाच मशीनवर नांदवायचे ठरवले तर कुणाची तरी गैरसोय होणार, हे आधीच धरून चाला.

आणि हो, मॅलॉक तपासणे सोडू नका. काटेकोर सेटिंगमध्ये, किंवा प्रोसेसच्या पत्त्यांवर यूलिमिट ही मर्यादा लावलेली असेल तेव्हा, नल खरोखर येतो.

फ्री मेमरी अगदी थोडी दिसते. काळजी करायची का?

नाही. रिकामी रॅम कुणाच्याच कामाची नसते, म्हणून कर्नल तिच्यात फाइलींची पेजेस साठवून ठेवतो आणि गरज पडली की सोडून देतो. बघायचा आकडा "अव्हेलेबल" हा. तो 2014 मध्ये, लिनक्स 3.14 पासून, मेमइन्फोमध्ये आला.

मेमरी कमी पडू लागली की कर्नल लगेच प्रोसेस मारतो का?

मुळीच नाही. मारणे ही शेवटची पायरी. मोकळ्या पेजेसच्या तीन खुणा ठरलेल्या असतात: हाय, लो आणि मिन. साठा लोच्या खाली गेला की केस्वॅपडी नावाचा कर्नल थ्रेड जागा होतो आणि हायपर्यंत साठा भरेस्तोवर पार्श्वभूमीत पेजेस मोकळी करत राहतो. तो पुरा पडला नाही आणि साठा मिनच्याही खाली घसरला, तर मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून तिच्याकडून ही सफाई करवून घेतली जाते. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात. सर्व्हरचा प्रतिसाद अचानक अडखळू लागतो त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

सफाईत सगळ्यात स्वस्त ती फाइलींची न बदललेली पेजेस: टाकून द्यायची, लागली तर डिस्कवरून पुन्हा वाचायची. बदललेली पेजेस आधी डिस्कवर लिहावी लागतात. प्रोग्रामच्या हीप आणि स्टॅकची, म्हणजे त्याच्या चालू डेटाची, पेजेस कुठल्याच फाइलची नसतात, त्यांना अॅनॉनिमस म्हणतात. ती हलवायला स्वॅपच हवा. कुठले पेज अलीकडे वापरले गेले नाही याचा अंदाज कर्नल याद्या ठेवून बांधतो. 2022 अखेरच्या लिनक्स 6.1 मध्ये या याद्यांची मल्टी-जेन एलआरयू ही नवी रचना आली, आणि टंचाईत चुकीची पेजेस बाहेर जाण्याचे प्रमाण कमी करणे हा तिचा मुख्य हेतू आहे.

एवढे करून हाती काही लागत नाही असे दिसले तरी कर्नल पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. सलग 16 फेऱ्यांत काहीच सुटले नाही, तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलरला, म्हणजे एखादी प्रोसेस मारून मेमरी सोडवणाऱ्या कर्नलच्या भागाला, बोलावणे जाते.

स्वॅप बंद केला तर ही भानगडच मिटेल ना?

हा समज इतका पसरला आहे की जरा सविस्तर सांगतो. स्वॅप नसला की अॅनॉनिमस पेजेस रॅममध्ये कायमची अडकतात, मग त्यातली निम्मी कित्येक दिवस कुणी वाचली नसली तरी. मोकळे करायला उरतात ती फक्त फाइलींची पेजेस. पण चालू प्रोग्रामचा कोड आणि लायब्ररी हीसुद्धा फाइलींचीच पेजेस आहेत. टंचाई वाढली की कर्नल तीच काढून टाकतो, पुढच्या क्षणी प्रोग्रामला ती लागतात, डिस्कवरून परत आणावी लागतात, तोवर दुसऱ्याची गेलेली असतात. म्हणजे स्वॅप नसतानाही डिस्क अखंड चालूच, आणि काम शून्य. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच तिची कारणे मांडली होती: चालू प्रोसेसना त्या घडीला लागणाऱ्या पेजेसची बेरीज रॅमच्या बाहेर गेली की मशीन ढासळते, आणि मग वेगवान प्रोसेसरचा काही उपयोग राहत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: थोडा स्वॅप ठेवा. तो जादा रॅम म्हणून नव्हे, तर निपचित पडलेली पेजेस हलवायला जागा म्हणून. डिस्क मंद असेल तर झेडरॅम वापरा, त्यात पेजेस दाबून रॅममध्येच ठेवली जातात. स्वॅपकडे कर्नलचा कल किती असावा ते सांगणारे स्वॅपिनेस हे मूल्य मुळात 60 असते आणि लिनक्स 5.8 पासून ते 200 पर्यंत चढवता येते. झेडरॅमसारखा वेगवान स्वॅप असेल तर 100 च्या वर नेण्यात अर्थ आहे.

मशीन कितीतरी वेळ गोठून राहते, माउसही हलत नाही, तरी ओओएम किलर येत नाही. का?

कर्नलच्या दृष्टीने काम पुढे सरकत असते. दर फेरीत काही पेजेस सुटतातच, भले ती लगेच परत आणावी लागोत. काहीतरी हाती लागत आहे तोवर त्या 16 फेऱ्यांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. माणसासाठी मशीन मेलेले असते, पण कर्नलच्या हिशेबात अजून मेमरी संपलेली नसते.

हे मोजायला 2018 अखेर, लिनक्स 4.20 मध्ये, पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) आले. योहानेस वायनर यांचे हे काम. कामे मेमरीसाठी किती टक्के वेळ खोळंबली हे ते गेल्या 10, 60 आणि 300 सेकंदांच्या सरासरीत सांगते. "सम" म्हणजे निदान एक काम अडले होते, "फुल" म्हणजे करायला काम असलेली सगळीच अडली होती. सिस्टिमडी-ओओएमडी ही सेवा हे आकडे पाहून कर्नलच्या आधीच कारवाई करते. अर्लीओओएम हे साधे साधन उरलेली मेमरी आणि स्वॅप यांचे टक्के पाहते. डेस्कटॉपवर या दोहोंपैकी एक असायलाच हवे असे मला वाटते. कर्नलचा किलर मशीनला गतिरोधातून सोडवण्यासाठी लिहिलेला आहे, बसलेल्या माणसाला काम करता यावे म्हणून नाही.

ओओएम किलर बळी कसा निवडतो?

हा कोड मुळात रिक व्हॅन रील यांनी लिहिला. जुन्या काळी त्यात बरेच अंदाज होते: प्रोसेस किती वेळ चालू आहे, तिची प्राधान्यपातळी काय, ती रूटची (प्रशासकाची) आहे का. 2010 मध्ये डेव्हिड रिएन्टजेस यांनी तो नव्याने मांडला (लिनक्स 2.6.36) आणि हिशेब सुटसुटीत झाला. रॅममधली पेजेस, स्वॅपमध्ये गेलेली पेजेस आणि पेज टेबलांनी (पत्ते आणि रॅम यांची सांगड ठेवणाऱ्या तक्त्यांनी) व्यापलेली पेजेस यांची बेरीज म्हणजे त्या प्रोसेसचे गुण. ज्याचे गुण सर्वाधिक तो जातो. रूटच्या प्रोसेसना मिळणारी 3 टक्क्यांची सूटही 2018 मध्ये काढली गेली.

यात तुमचा हात पोहोचतो तो ओओएम स्कोअर अॅडजस्ट या मूल्याने. ते -1000 ते 1000 असते आणि प्रत्येक अंक म्हणजे एकूण मेमरीचा हजारावा भाग. स्वॅप नसलेल्या 16 जीबीच्या मशीनवर 500 दिले, तर ती प्रोसेस 8 जीबी जास्त वापरते असे धरून हिशेब होतो. -1000 दिले तर तिला हात लावला जात नाही. इनिट (सर्वांत पहिली प्रोसेस) आणि कर्नलचे थ्रेड यांना तशीही सूट असते. मूल्य वाढवणे कुणालाही जमते, कमी करायला विशेष अधिकार लागतो, आणि मुलांना ते आईकडून वारशाने मिळते. हा वारसा लोक विसरतात: सेवेला -1000 दिले आणि ती जे जे सुरू करते तेही अभेद्य झाले, असे घडते.

गळती एका लहान प्रोसेसमध्ये होती आणि मारला गेला डेटाबेस. हा अन्याय नाही का?

आहे. पण कर्नलला गळती दिसत नाही, त्याला पेजेस दिसतात. 6 जीबी धरून बसलेला डेटाबेस आपले काम करतो आहे आणि 2 जीबीवर पोहोचलेली दुसरी प्रोसेस गळते आहे, हा भेद आकड्यांतून निघत नाही. किलरचा हेतू एका फटक्यात पुरेशी मेमरी सोडवण्याचा आहे, न्यायनिवाड्याचा नाही. जी प्रोसेस मेमरी मागत होती तिलाच मारा, अशीही एक सेटिंग आहे, पण टंचाईच्या क्षणी मागणारी प्रोसेस कोणीही असू शकते, एखादा निरुपद्रवी लॉग लिहिणारा डीमनसुद्धा. म्हणून ती सेटिंग क्वचितच उपयोगी पडते. खरा उपाय सी-ग्रुपची (प्रोसेसच्या गटावर घालायची) मर्यादा, तो पुढे येतो.

डेटाबेसच्या बाबतीत आणखी एक दुखणे आहे. पोस्टग्रेसची एक बॅकएंड (एक कनेक्शन सांभाळणारी) प्रोसेस जरी अशी मारली गेली तरी सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने मुख्य प्रोसेस सगळीच कनेक्शन तोडते आणि रिकव्हरी करते. बळी एक, फटका सगळ्यांना.

मारल्यावर मेमरी लगेच सुटते का?

नेहमी नाही. सिगकिल हा मारण्याचा सिग्नल अडवता येत नाही, पण प्रोसेस मरायला तिला थोडे तरी चालावे लागते. ती एखाद्या लॉकसाठी कर्नलमध्ये थांबली असेल, आणि तो लॉक धरणारा स्वतः मेमरीची वाट पाहत असेल, तर सगळेच अडकतात. यावर मिशल होत्को यांनी 2016 मध्ये ओओएम रीपर आणला (लिनक्स 4.6). हा वेगळा कर्नल थ्रेड बळीची अॅनॉनिमस पेजेस बाहेरूनच काढून घेतो, त्याच्या मरणाची वाट पाहत नाही.

टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिमवर, लिहिलेल्या फाइली मात्र कुणालाही मारून सुटत नाहीत. त्या रॅम खातात पण कुठल्याच प्रोसेसच्या मालकीच्या नसतात. एकामागून एक प्रोसेस पडते आहे आणि मेमरी तरी सुटत नाही, असे दिसले तर आधी तिथे पाहा.

कर्नलला स्वतःसाठी मेमरी लागली आणि ती नसली तर?

हा भाग सर्वांत नाजूक आहे. पेजेस मोकळी करायला फाइल सिस्टिम लागते, आणि फाइल सिस्टिमला काम करायला मेमरी लागते. म्हणून कर्नलमधली प्रत्येक मागणी आपल्या अटी सोबत घेऊन येते: इंटरप्टमधली (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देतानाची) मागणी थांबू शकत नाही, तिला राखीव साठ्यातून द्यावे लागते; फाइल सिस्टिममधली मागणी "सफाईसाठी पुन्हा माझ्याकडे येऊ नका" असे बजावते. मिन खुणेखालचा साठा याच प्रसंगांसाठी राखलेला असतो. डिस्कवर लिहिण्याच्या मार्गावर तर आधीच बाजूला काढलेले मेमपूल असतात, म्हणजे निदान एक लेखन नेहमी पुढे जाते.

आठ पेजेसपर्यंतच्या, म्हणजे 32 केबीपर्यंतच्या नेहमीच्या मागण्या कर्नल सहसा नाकारतच नाही. मिळेपर्यंत फिरत राहतो. परिणामी नकार हाताळणारा कितीतरी कोड लिहिला गेला आहे पण जवळपास कधीच चाललेला नाही.

मेमरी मोकळी दिसत असताना ओओएम कसा होतो?

मोकळी असली तरी ती सलग नसेल, किंवा मागणीला चालेल अशा झोनमध्ये (रॅमच्या विभागात) नसेल. जुन्या 32-बिट मशीनवर कर्नलला थेट पोहोचता येणारा 896 एमबीचा भाग संपायचा आणि वरची रॅम रिकामी राहायची. प्रोसेस एकाच न्यूमा नोडला (मोठ्या मशीनमधल्या प्रोसेसर आणि त्याच्या जवळच्या रॅमच्या जोडीला) बांधली असेल तर तो नोड भरला की झाले. आणि आजकाल सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे सी-ग्रुप.

कंटेनर 137 कोड देऊन बंद पडतो. मशीनवर तर भरपूर मेमरी आहे.

128 अधिक 9. म्हणजे सिग्नल 9, सिगकिल. बहुतेकदा कंटेनरच्या (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोसेसच्या) सी-ग्रुपची मेमरी मॅक्स मर्यादा भरलेली असते आणि किलर फक्त त्या गटातच बळी शोधतो. लक्षात ठेवा, ही मर्यादा मॅलॉकला अडवत नाही. 512 एमबीच्या कंटेनरमध्ये 4 जीबीचा मॅलॉक खुशाल यशस्वी होईल, मरण पेजेस वापरताना येईल. फाइलींचा कॅशही याच मर्यादेत मोजला जातो, पण तो सोडवता येतो.

मेमरी हाय ही वेगळी मर्यादा आहे. ती ओलांडली तर कुणी मरत नाही, प्रोसेसचा वेग कमी केला जातो आणि सफाई लावली जाते. तिचा वापर फार कमी होतो, आणि ते मला नेहमी खटकते. गटातल्या प्रोसेस एकमेकींवाचून निरुपयोगी असतील तर 2018 मध्ये, लिनक्स 4.19 पासून, आलेली ओओएम ग्रुप सेटिंग चालू करा. मग सगळा गट एकत्र जातो आणि अर्धमेली सेवा मागे राहत नाही.

कंटेनर चालवणारी कुबर्नेटिस ही प्रणाली ओओएम स्कोअर स्वतः लावते: मर्यादा आणि मागणी समान असलेल्या गॅरंटीड पॉडना (कंटेनरच्या गटांना) -997, काहीच न सांगितलेल्या बेस्ट-एफर्ट पॉडना 1000. तुमचा पॉड नेहमी पहिला का जातो, याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते.

कर्नलचा लॉग कसा वाचायचा?

पहिल्या ओळीतली "इन्व्होक्ड ओओएम-किलर" लिहिलेली प्रोसेस बळी नसते, तिच्या मागणीने फक्त वेळ आणली. तिथेच ऑर्डर (मागणीचा आकार) दिसते: 0 म्हणजे एकच पेज हवे होते, म्हणजे खरी टंचाई. त्याच्याही वरची ऑर्डर असेल तर मोकळ्या मेमरीचे तुकडे पडल्याचा संशय घ्या. मग कन्स्ट्रेंट पाहा. त्यात मेमसीजी असेल तर मर्यादा कंटेनरची होती. पुढे सगळ्या प्रोसेसचा तक्ता येतो, त्यातले आरएसएस (रॅममधला वापर) पेजेसमध्ये असते, केबीमध्ये नाही, तेव्हा 4 ने गुणा. टोटल-व्हीएमचा भलामोठा आकडा पाहून दचकू नका, ते नुसते पत्ते. तक्त्याची बेरीज रॅमच्या जवळपासही जात नसेल तर मेमरी कर्नलच्या स्लॅबमध्ये (त्याच्या स्वतःच्या वापराच्या साठ्यात) किंवा टीएमपीएफएसमध्ये गेली आहे.

विंडोज, मॅक आणि फोनवर काय होते?

विंडोज ओव्हरकमिट करत नाही. तिथे पत्ते राखणे आणि मेमरी कमिट करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि एकूण कमिट रॅम अधिक पेजफाइलच्या पुढे जात नाही. मर्यादा भरली की मागणीलाच नकार मिळतो. ओओएम किलर नाही, पण नकार न हाताळणारे प्रोग्राम आपोआप पडतात, आणि बऱ्याचदा रॅम रिकामी असताना. मॅकवर 2013 पासून पेजेस दाबून ठेवली जातात, मग स्वॅप वाढतो, आणि शेवटी कुठले अॅप बंद करायचे ते वापरणाऱ्यालाच विचारले जाते.

फोनवर मारणे हा अपवाद नसून रोजचा कारभार आहे. अँड्रॉइडमध्ये एलएमकेडी ही सेवा पीएसआयवर नजर ठेवते आणि मागे पडलेली अॅप आधी काढते; समोरच्या अॅपचा अंक 0, कॅशमध्ये पडलेल्यांचा 900 च्या वर. आयफोनवर हेच काम जेटसॅम करते, आणि अॅपला त्याआधी इशारा मिळतो. तिथले अॅप लिहिणारे कुठल्याही क्षणी मरायची तयारी ठेवूनच लिहितात.

माझी महत्त्वाची सेवा कशी वाचवू?

आधी बाकीच्यांना मर्यादा घाला. बॅकअप, बिल्ड, अहवाल अशा फुगणाऱ्या कामांना मेमरी मॅक्स लावा, म्हणजे टंचाई त्यांच्या गटातच राहील. मग मुख्य सेवेला मेमरी लो किंवा मिनने थोडी मेमरी राखून द्या. ओओएम स्कोअर सर्वांत शेवटी, आणि -1000 फारच जपून: गळणारी प्रोसेस अभेद्य केली तर किलर तिच्याभोवतीचे सगळे मारत सुटेल आणि मारण्याजोगे कुणीच उरले नाही की कर्नल पॅनिक होईल. एसएसएचडी (दूरून लॉगिन करू देणारी सेवा) स्वतःला -1000 देतो ते योग्यच आहे, तो लहान आहे आणि आत शिरायचा तोच रस्ता आहे.

हे सगळे सुरक्षितपणे तपासून कसे पाहायचे?

सिस्टिमडी-रन या कमांडने प्रोग्राम एका स्कोपमध्ये (वेगळ्या सी-ग्रुपमध्ये) चालवा, मेमरी मॅक्सला 200 एमबीसारखी छोटी मर्यादा द्या आणि मेमरी स्वॅप मॅक्स 0 करा. ही दुसरी अट विसरलात तर प्रोग्राम मरण्याऐवजी शांतपणे स्वॅपमध्ये सरकत राहील. मेमरी मागून भागत नाही, प्रत्येक पेजवर निदान एक बाइट लिहा. मग त्या गटाच्या मेमरी इव्हेंट्स फाइलमध्ये ओओएम किलचा आकडा वाढलेला दिसेल. सगळ्या मशीनचा किलर पाहायचा असेल तर मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम देणारी कळ) चालू करून तिच्यासोबत एफ दाबा. तो त्या घडीचा सर्वांत मोठा बळी खरोखर घेतो, तेव्हा हे चाचणीच्या मशीनवरच करा.